उजव्या सिलिंडरचा आवाज

होरेस पार्डोला इंग्लंडमधल्या ओल्ड हिल गावात कोणी मेकॅनिक म्हटलं की त्याला ते लागायचं. मेकॅनिक म्हणजे नुसते पाने फिरवणारा. होरेसने मोटारसायकलच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती, त्यातली सव्वीस टेस्टिंगच्या शेडमध्ये, आणि तिथून बाहेर पडणारी गाडी नीट वाजते की नाही हे सांगण्याचा पगार तो घेत होता. कारखाना बंद पडला, शेड पाडली गेली, त्या जागेवर गालिच्यांचं दुकान आलं, तरी होरेसचा रुबाब गेला नाही. घरामागच्या विटांच्या खोलीत, जिथे त्याची आजी पूर्वी कपडे उकळायची, तो अख्ख्या परगण्यातल्या जुन्या गाड्या जुळवत बसायचा.

त्या गाड्यांना दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर, दर सिलिंडरला आपला एक. दोघांना पेट्रोल आणि हवा सारखी मिळाली तर गाडी मखमलीसारखी चालते. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त झालं, की दोघांनी मिळून जिन्यावरून कपाट उतरवताना एकाने अंग काढून घ्यावं तसं होतं. ते जुळवायचं म्हणजे होरेस गाडीच्या मागे गोणपाटावर गुडघे टेकायचा, दोन सायलेन्सरच्या मधोमध डोकं न्यायचा आणि डोळे मिटायचा. डावा कान डावीकडे, उजवा उजवीकडे. पेट्रोल जास्त जात असेल तर आवाज जड आणि घोगरा येतो, कमी जात असेल तर कोरडा आणि कडक. होरेस पाच मिनिटं ऐकायचा, उठायचा, एखादं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी स्क्रू, बदलायचा, पुन्हा बसायचा. दुसरे लोक प्लग काढून त्याचा रंग बघतात: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, खडूसारखा पांढरा म्हणजे कमी, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग म्हणजे ठीक. होरेस त्यावर नाक मुरडायचा.

"प्लग बघणं बहिऱ्यांसाठी आहे," तो म्हणायचा. "ज्याला ऐकू येतं त्याने कशाला बघायचं?"

काम झालं की एक रिवाज असे. मालकाने गाडी रस्त्याच्या खालच्या टोकापर्यंत न्यायची, वळवायची आणि होरेसच्या दारावरून पूर्ण थ्रॉटलमध्ये वर घालायची. होरेस गेटपाशी चहाचा मग घेऊन उभा असायचा. आवाज मनासारखा वाटला की तो मग वर करायचा. मग वर गेला की गाडी पास. खाली राहिला तर मालक मुकाट्याने गाडी परत आत घ्यायचा. मोठमोठे लोक, हॅल्सोवेनचा दातांचा डॉक्टरसुद्धा, त्या मगाकडे परीक्षेच्या निकालासारखे बघत जायचे.

बायको डोरीन गेली त्याला सहा वर्षं झाली होती. ती असती तर तिने सांगितलं असतं की टीव्ही भिंतीपलीकडे ऐकू जातोय. ती नव्हती, आणि शेजारच्या घरात दोन वर्षं कोणी राहत नव्हतं.

त्याचा खरा मित्र एकच, विल्फ टिबेट्स. साखळ्या घडवणाऱ्या घराण्यातला, मनगटं जाडजूड, बोलणं कमी. शाळेपासूनची जोडी. दोघांनी एकाच वर्षी एकाच रंगाच्या गाड्या घेतल्या होत्या, आणि विल्फच्या गाडीला होरेसशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, असं होरेस पबमध्ये चारचौघांत सांगायचा. विल्फ मान डोलवायचा आणि आपला ग्लास बघायचा.

नव्व्याण्णव सालच्या वसंतात विल्फ एक खोकं काखेत घेऊन त्या पबमध्ये आला. जुन्या मोटारसायकलींच्या क्लबची सगळी मंडळी बसली होती, टेबलावर राखाडी वाटाणे आणि बेकनच्या वाट्या होत्या. त्याने खोकं होरेससमोर ठेवलं. आत लहान मुलांच्या बेचकीसारखी ॲल्युमिनियमची नळी होती, दोन तोंडं सिलिंडरकडे आणि एक मागे, आणि तिच्याबरोबर एकच कार्बोरेटर.

"दोन काढून हा एक बसवून देशील का?" विल्फ म्हणाला. "थ्रॉटल फार जड झालाय. दोन केबली ओढायच्या म्हणजे... मनगट दुखतं रे हल्ली."

होरेसने ती नळी दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

"मनगट दुखतं? अरे, तुझा बाप असल्याच मनगटांनी जहाजाच्या साखळ्या ठोकायचा. आणि तू थ्रॉटल पिळून थकलास?"

"वय झालं, होरेस."

"मग सरळ सायकल घे ना. पुढे टोपली लाव, तुझ्या आयव्हीची भाजी-बिजी आणायला बरी." मंडळी हसली. होरेसला हसणारी मंडळी दिसली की थांबता येत नसे. "दोन कार्बोरेटरची गाडी एकावर आणायची म्हणजे नवऱ्याला बायकोचा गाऊन घालायला लावण्यासारखं. माझ्या हातून ते पाप होणार नाही. आवाजच मेला तर मी ऐकू काय?"

विल्फही थोडा हसला. त्याने नळी खोक्यात ठेवली, झाकण नीट लावलं आणि खोकं पायाशी सरकवलं. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. होरेसला वाटलं, आपण मित्राला एका मूर्खपणातून वाचवलं.

जुलैत विल्फने गाडी नेहमीसारखी जुळवायला आणली. होरेसने ऐकलं. उजवी बाजू जराशी जड वाजत होती. हल्ली सगळ्यांच्याच गाड्यांची उजवी बाजू जड वाजत होती. होरेस त्याचं खापर नव्या पेट्रोलवर फोडायचा. त्याने उजवीकडे बारीक जेट घातलं, पुन्हा ऐकलं, त्याहून बारीक घातलं. विल्फने गाडी दारावरून घातली, होरेसचा मग वर गेला.

दोन दिवसांनी, रविवारी, क्लबची ब्रिजनॉर्थची फेरी होती. होरेस पुढे होता. चढावर त्याने आरशात पाहिलं तेव्हा विल्फ मागे होता, पुन्हा पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता. उजवा पिस्टन जाम झाला होता, मागचं चाक जागीच आवळलं गेलं होतं आणि विल्फ कुंपणाच्या झुडपांतून खाली शेतात पडला होता. खुब्याचं हाड मोडलं. तो पुन्हा चालला नाही. दवाखान्यात पडून पडून छातीत पाणी झालं आणि सप्टेंबरच्या अखेरीस तो गेला.

एकदा भेटायला गेला असताना होरेसने त्याला विचारलं होतं, "तेल कुठलं घातलं होतंस तू?"

विल्फ उशीवर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल. तेलच असेल."

दफनविधीनंतर हॅमच्या सँडविचची ताटं फिरत असताना होरेस प्रत्येकाला हेच सांगत होता, की स्वस्त तेलाने घात केला. माणसं हो-हो म्हणत होती आणि दुसरीकडे बघत होती. दुःखात माणसं अशीच बघतात, असं होरेसला वाटलं.

नोव्हेंबरच्या एका ओल्या सकाळी आयव्ही, विल्फची बायको, मुलीला घेऊन त्याच्या दारात आली. मुलगी म्हणजे गेनॉर, अडतीस वर्षांची, बस चालवते, बापासारखेच रुंद खांदे. मागे ट्रेलरवर ताडपत्रीखाली गाडी होती. आयव्हीच्या हातात ते खोकं होतं.

"गेनॉरला गाडी हवीय," आयव्ही म्हणाली. "दुरुस्त कर. आणि हे बसव."

होरेसने खोकं ओळखलं. "आयव्ही, विल्फला हे..."

"विल्फने ते विकत घेतलं होतं."

"हो, पण मनगट दुखत होतं म्हणून. हिची मनगटं बघ, बस फिरवते ती. दोन कार्बोरेटरवर ही गाडी गाते. एकावर नुसती चालेल."

"मला चालणारीच हवीय, होरेसकाका," गेनॉर म्हणाली.

विधवेला नाही म्हणणं होरेसच्या जिवावर आलं. नाक वाकडं करूनच त्याने खोकं घेतलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर त्याने गाडी उघडायला घेतली. आधी प्लग काढावे लागतात, म्हणून काढले. डावा प्लग बिस्किटाच्या रंगाचा होता. उजवा खडूसारखा पांढरा, त्याच्या टोकाला वितळलेल्या धातूचे बारीक मणी.  सिलिंडर उचलला तर डावा पिस्टन नव्यासारखा, उजवा एका बाजूने ओरखडून गेलेला. तेल खराब असतं तर दोन्ही गेले असते. एकच इंजिन, एकच तेल, हे त्याला सांगायला कोणी लागत नव्हतं.

त्याने उजवं कार्बोरेटर खोललं आणि जेट काढून खिडकीशी धरलं. त्यावरचा आकडा डाव्यापेक्षा तीन पायऱ्या खाली होता. त्या तिन्ही पायऱ्या त्यानेच उतरवल्या होत्या. जुलैत, एकाच बैठकीत, एकामागून एक. तिन्ही वेळा त्याने डोळे मिटून ऐकलं होतं की उजवी बाजू जड वाजतेय.

त्याने कोपऱ्यातल्या स्वतःच्या गाडीचे प्लग काढले. उजवा पांढरा. होरेस हल्ली फार हळू चालवायचा, म्हणून वाचला होता.

घरात शेगडीवर किटली ठेवलेली होती. शिट्टी वाजू लागली तसा तो आत गेला, पण गॅस बंद करायच्या ऐवजी तिथेच उभा राहिला. मग त्याने डाव्या कानात बोट घातलं. शिट्टी थांबली. किटलीच्या तोंडातून वाफ जोरात फुसफुसत होती, खिडकीची काच धुरकटत होती आणि घरात कसलाही आवाज नव्हता. बोट काढलं, शिट्टी आली. पुन्हा घातलं, गेली. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. किटलीतलं पाणी आटून गेलं.

उजव्या कानाने त्याला जाडे आवाज येत होते, बारीक येत नव्हते. टेस्टिंगच्या शेडमध्ये त्याची उभं राहण्याची जागा भिंतीशी होती, उजवा कान सायलेन्सरच्या रांगेकडे. सव्वीस वर्षं. उजव्या बाजूचा कडकपणा त्या कानात शिरतच नव्हता, म्हणून प्रत्येक गाडी त्याला उजवीकडे जड वाटायची. मग तो पेट्रोल कमी करायचा. तरी जड वाटायची. आणखी कमी करायचा.

तो खुर्चीत बसला. त्याला रडू आलं नाही, लाज वाटली, आणि ती इतकी होती की त्याने घराच्या पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. दवाखान्यातल्या माणसाला आपण तेलाबद्दल विचारलं होतं. त्या उशीवरच्या नजरेचा अर्थ त्याला आता लागला असं त्याला वाटलं, पण तो अजून अर्धाच लागला होता.

काम करायला तीन आठवडे गेले. सिलिंडर घासून आणले, नवे पिस्टन घातले. मग दोन्ही कार्बोरेटर काढून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ती बेचकी बसवायला घेतली. तिची तोंडं सपाट नव्हती. जाड काचेवर बारीक घासकागद पसरून त्याने ती आठच्या आकड्याच्या वळणाने घासली, हवा कुठून शिरू नये म्हणून. दोन केबलींच्या जागी एक आली. थ्रॉटल खरोखरच हलका झाला. आता दोन्ही सिलिंडर एकाच ताटात जेवणार होते. एकाला उपाशी ठेवायचं म्हटलं तरी कोणाला ठेवता येणार नव्हतं. ज्या वस्तूला तो मेलेला उंदीर समजला होता, तिच्यावर त्याने इतक्या निगुतीने काम केलं की डोरीनने बघितलं असतं तर तिला नवल वाटलं असतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आयव्ही आणि गेनॉर आल्या. होरेसने चहा केला. गेनॉर अंगणात हेल्मेट आणि हातमोजे चढवत होती. आयव्ही गाडीशेजारी कोटाची बटणं लावून उभी होती. होरेसने पाना खाली ठेवला.

"आयव्ही, तेल नव्हतं ते," तो म्हणाला. "मी होतो. माझा उजवा कान गेलाय. मी त्याची उजवी बाजू उपाशी मारली. विल्फला मी पाडलं."

त्याला वाटलं होतं ती मारेल, किंवा निदान मटकन खाली बसेल तरी. आयव्हीने चहाचा घोट घेतला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, होरेस. दोन वर्षं झाली. तुझ्याकडून गाडी न्यायची, तुझ्या दारावरून घालायची, आणि दुसऱ्या दिवशी नेदरटनला केनकडे. त्याच्याकडे ती मापाची घड्याळं आहेत, तो जेट बदलून सगळं परत जुळवून देतो. सगळा क्लब जातो. दातांचा डॉक्टरसुद्धा."

 दोन वर्षं होरेस गेटपाशी मग वर करत उभा होता आणि माणसं त्याला हात करून नेदरटनला जात होती.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? डोरीन गेल्यावर तुझ्याकडे दुसरं काय राहिलं होतं? विल्फने तर सगळ्यांना दम भरला होता, तोंड उघडाल तर याद राखा म्हणून." ती थांबली. "पण त्याला ते केनकडे जाणं आवडायचं नाही. चोरी केल्यासारखा घरी यायचा. म्हणून त्याने हे खोकं आणलं. म्हणाला, एकच कार्बोरेटर असला की जुळवायचं काही राहतच नाही. होरेसकडेच गाडी नेईन, होरेसच करेल, आणि कोणाकडे जावं लागणार नाही."

"मनगट..."

"मनगटाला काय धाड भरली होती? स्वयंपाकघरात उभा राहून पाठ करत होता ते वाक्य. मला म्हणाला, असं सांगितलं तर त्याला संशय येणार नाही ना?"

होरेसला पबमधलं ते टेबल दिसलं, वाटाण्यांच्या वाट्या, हसणारे चेहरे, आणि खोक्याचं झाकण नीट लावणारे दोन जाड हात. 

"त्या आठवड्यात केन वेल्सला गेला होता, सुट्टीला," आयव्ही पुढे सांगत होती. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचाच होरेसला जास्त त्रास होत होता. "मी म्हटलं, मग रविवारी जाऊ नकोस. तर म्हणाला, होरेस येणार आहे. गाडी का आणली नाहीस विचारलं, तर काय सांगू?"

"आयव्ही, मला माफ..."

"ते राहू दे. मला नाही करता येत अजून. पुढे कधी आलं तर बघू." तिने रिकामा कप खिडकीत ठेवला. "गाडी तुझ्याकडे आणली ती त्याचं तसं ठरलं होतं म्हणून. आता गेनॉरला चालव म्हण."

गेनॉरने किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन लागलं. ती गाडी घेऊन उताराने खालच्या टोकाला गेली. होरेस सवयीने मग घेऊन गेटपाशी येऊन उभा राहिला होता; तो हातात कधी घेतला हे त्याला कळलं नाही. आयव्ही त्याच्या बाजूला, पण हातभर अंतर ठेवून.

गेनॉर वळली आणि तिने थ्रॉटल पूर्ण उघडला. गाडी वर आली, दारावरून गेली. होरेसला डावी बाजू स्वच्छ ऐकू आली, आणि उजवीकडून नुसती एक जाड घरघर, गोधडीआड कोणी बोलावं तशी. ती खरोखर तशी होती की त्याच्या कानात तशी होती, हे त्याला या जगात कधीच कळणार नव्हतं.

"उजवी बाजू कशी वाजली?" त्याने विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं," आयव्ही म्हणाली. "विल्फ सांगायचा, आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, होरेसकडे बघ. त्याचा मग वर गेला की तो खूश आहे."

वरच्या टोकाला गेनॉरने गाडी थांबवली होती आणि ती मागे वळून गेटकडे बघत होती. आयव्हीही बघत होती. मगातला चहा गार झाला होता.

होरेसने मग गेटच्या खांबावर ठेवला, गेनॉरला इंजिन बंद करून गाडी तशीच ढकलत खाली आणायची खूण केली, आणि प्लगचा पाना घ्यायला आत गेला.